लाकूड माझ्याकडे, लोखंड त्याच्याकडे

माझा कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी इथे काम करतो तो इथला मालक, तोंडाने गोड माणूस आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. त्याच्या रंगाच्या दुकानाचं एक शटर होतं, त्याची चार मी केली. सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये घर रंगवायला काढलेला माणूस आधी माझ्याकडे येतो. पाटीवर नाव कफीलचं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कायदाच तसा आहे. पण बंदुकीचं तसं नव्हतं. तिथे मी अट घातली होती.

बंदूक त्याच्या आजोबांची, जुन्या काळची लांब रायफल. नळीत त्याच्या वडिलांनीच शिसं ओतून ती कायमची बंद केलेली. कागद कफीलच्या नावावर, जागा त्याच्या मजलिसच्या, पाहुण्यांच्या बैठकीच्या, भिंतीवर. कोणीतरी अडाण्याने तिच्या लाकडी दस्त्यावर दाराला लावतात तसलं चकचकीत व्हार्निश फासलं होतं, आणि मागे एक लांब चीर पडली होती. मला जुन्या लाकडाचा नाद आहे. खुर्च्या, पेटारे, काय मिळेल ते मी सुट्टीच्या दिवशी घासत बसतो. दर वेळी मजलिसमध्ये गेलो की माझी नजर त्या चिरेवर जायची.

"शेख, हे लाकूड अक्रोडाचं आहे. तुम्ही त्याला प्लॅस्टिकची बादली करून ठेवलंय," मी एकदा म्हणालो.

"मग तू कर नीट. काय घेशील?"

"पैसे नकोत. दोन अटी. व्हार्निश मारायला सांगायचं नाही. आणि कोणी विचारलं कोणी केलं, तर माझं नाव सांगायचं."

"एवढंच?" तो हसला. "माझ्या डोक्यावर. कबूल."

परदेशी माणसाने बंदूक घरी नेणं म्हणजे आपल्या हाताने परतीच्या विमानात बसणं. म्हणून ठरलं असं की लोखंड त्याच्याकडे राहणार, लाकूड माझ्याकडे. त्याने स्क्रू काढून दिले, मी दस्ता चादरीत गुंडाळून घरी आणला.

पहिली चूक माझीच. दुकानात जवसाच्या तेलाचे डबे पडलेले असताना मी गावाहून आणलेलं उंडीचं तेल काढलं. आमच्याकडे होड्यांना तेच लावतात, माझा बाप लावायचा, म्हटलं लाकडाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. होडी खाऱ्या पाण्यात राहते, हे लाकूड वाळवंटात राहणार, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. तीन आठवडे तेल वाळेना. मग वादळ आलं, बाल्कनीतली वाळू त्यावर बसली, आणि दस्ता तीळ लावलेल्या पावासारखा दिसायला लागला. मुलगी नाक दाबून म्हणाली, "अब्बा, इट स्टिंक्स." सगळं तासून पुन्हा पहिल्यापासून. मग मुकाट्याने जवसाचं तेल, एक हात लावायचा, चार दिवस थांबायचं, पुन्हा एक हात. चीर गोंद आणि त्याच लाकडाचा भुसा भरून बुजवली. बोट फिरवलं तर कळत नव्हती.

खरा छळ पुढे होता. लाकूड आणि लोखंड बसेना. घट्ट कुठे होतंय ते डोळ्याला दिसत नाही. त्याला उपाय असा की लोखंडाला काळं लावायचं, लाकडात दाबायचं, आणि जिथे काळा डाग उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. दिव्याची काजळी चालली असती, पण कफीलच्या गालिच्यावर दिवा कोण धुपवू देणार? मी बायकोची काजळाची डबी घेतली.

"माझं काजळ बंदुकीला?" ती म्हणाली. "आणि मला ईदला सांगता, नवं कशाला, आहे ना."

दर शुक्रवारी दस्ता गाडीत घालून मी कफीलकडे. दोन डाग खरवडले की कहवा. तीन खरवडले की पाहुणे. पाहुणे आले की लोखंड पुसून भिंतीवर, आणि मी चादर गुंडाळून कोपऱ्यात. कफीलचा धाकटा भाऊ दर वेळी हजर.

"वल्ला, आजोबांच्या बंदुकीला सुरमा घालतोय. ए हिंदी, मेंदी पण काढ, लग्न लावून देऊ हिचं."

पाचव्या शुक्रवारी माझं डोकं फिरलं आणि मी पटाशी जरा जोरात दाबली. जितकं काढायचं त्याच्या दुप्पट निघालं. आता लोखंड लाकडात खुळखुळायला लागलं. भाऊ खो खो हसला. पुन्हा गोंद, पुन्हा भुसा, पुन्हा काजळ, आणखी चार शुक्रवार. पण शेवटी बसलं. स्क्रू न लावता उलटं धरलं तरी पडेना. त्या दिवशी भावानेसुद्धा ते हातात घेऊन दोनदा उलटं करून पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात कफीलकडे मोठं जेवण होतं. मीही बोलावलेला. त्यांच्या जमातीतले एक म्हातारे गृहस्थ भिंतीपाशी थांबले, दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे कोणाचं काम?"

कफीलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुर्की कारागीर," तो म्हणाला. "खास पाठवून करून घेतलं."

मी तिथून पाच हातांवर बसलो होतो. हातात भाताचा घास होता, तो खाली ठेवला.

"शेख, तुर्कस्तानाला जायला माझा पासपोर्ट तुमच्या कपाटातून कधी काढलात?"

म्हाताऱ्यांनी मला जवळ बोलावलं. "तू केलंस?"

"हो."

"चीर कुठे होती?"

मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, नख फिरवलं, मग कफीलकडे वळून म्हणाले, "तू तुर्की म्हणालास."

क्षणभर मला वाटलं, आता बोलेल. कफील हसला, माझ्या खांद्यावर हात टाकला. "हा माझाच माणूस आहे, काका. याने केलं म्हणजे मीच केलं. तुमच्याकडेही एक जुनी आहे ना? पाठवून द्या. हा करेल."

सगळे हसले. माझं नाव निघालंच नाही.

मी उठून बाहेर गाडीपाशी आलो. तो मागोमाग आला. मी भाव वाढवतोय असं त्याला वाटलं असणार.

"रागावू नकोस, सदीक, दोस्ता. बोल, काय पाहिजे?"

"आत जा आणि माझं नाव सांगा. 'माझा माणूस' न म्हणता."

"आता? सगळ्यांसमोर?"

"मग त्यांची बंदूक तुर्कस्तानाला पाठवा."

त्याने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "कहवा निवतोय," आणि आत गेला.

म्हाताऱ्यांचा दस्ता त्यानंतर दोनदा दुकानात आला. दोनदा मी तो परत पाठवला. दर गुरुवारी दुकानाचे कागद सहीला घेऊन मी मजलिसमध्ये जातो आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. कफील कधी विचारत नाही, मीही विषय काढत नाही. निघताना मात्र नजर चिरेच्या जागी जातेच. अजून उघडलेली नाही.