टॅबलेटच्या कपाळाला कुंकू

आमच्या घरात दुसऱ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे असायचे आणि आमचे चुरगळलेले. अण्णांची मिरजेत इस्त्रीची गाडी होती. इस्त्री कोळशाची, इतकी जड की उचलायला मला दोन्ही हात लागायचे. कोळसा महागला की घरात भाजी बंद, आमटी-भात चालू. आई घरोघरी गठ्ठे पोचवायची. मी डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांच्या घड्या घालायची आणि घालता घालता पाढे म्हणायची.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी इंजिनियर झाले. हे मी दर वेळी सांगते आणि जरा मोठ्यानेच सांगते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्यांना यातली मजा कळायची नाही.

दसऱ्याला अण्णा इस्त्री घासून-पुसून पाटावर ठेवायचे. कुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. त्या दिवशी कुणीही कपडे घेऊन आलं तरी परत. "वर्षभर आपल्यासाठी तापती. एक दिवस गार पडू दे की तिला," असं म्हणायचे.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे नोकरीसाठी कॅनडात गेल्यावर, कॅल्गरीत, जो गोंधळ झाला त्याची सुरुवात या पाटावर आहे.

२०१६ च्या सुमाराची गोष्ट. कच्च्या तेलाचे भाव पडले होते, आणि कॅल्गरी तेलावरच जगणारं शहर. डाऊनटाऊनमधल्या ऑफिसांचे मजलेच्या मजले रिकामे होत होते. सकाळी सी-ट्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, रोज दिसणारे चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. आमची कंपनी छोटी. गॅसच्या विहिरींवर जे लोक व्हॉल्व्ह आणि मीटर तपासतात, त्यांच्यासाठी आम्ही ॲप बनवायचो. तपासायचं, फोटो काढायचा, पुढे जायचं. ऑफिसात आमचा बॉस गॉर्ड, मी, माझा सहकारी हरप्रीत आणि अकाउंट्स बघणाऱ्या एक बाई.

एक दिवस गॉर्डने मला बोलावलं. टेबलावर टॅबलेटचा ढीग. चांगल्या दिवसांत घाऊक घेतलेले आणि नंतर कपाटात पडून राहिलेले.

"सुनी, वेनला आपलं ॲप हवंय," गॉर्ड म्हणाला. वेन म्हणजे एका गॅस कंपनीचा फील्डचा मुख्य. "पण नवे टॅबलेट घ्यायला त्याच्याकडे बजेट नाही. हे चालतील?"

"यांचं अँड्रॉइड फार जुनं आहे. आपलं ॲप यांच्यावर उघडणारसुद्धा नाही."

"मग उघडेल असं कर."

"आणि नाही जमलं तर?"

गॉर्डने खिडकीबाहेर बघितलं. "वेन नाही म्हणाला तर क्रिसमसनंतर मी सगळ्यांना ठेवू शकणार नाही."

सगळ्यांना नाही म्हणजे कोणाला नाही, हे विचारायची गरज नव्हती. ऑफिसात सर्वांत शेवटी आलेली मीच होते.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. टॅबलेटच्या आत जी मूळ प्रणाली असते, जिच्यावर सगळं चालतं, तिला फर्मवेअर म्हणतात. टॅबलेट बनवणारी कंपनी दोन-तीन वर्षं ते सुधारत राहते, मग हात झटकते. पण जगात काही हौशी मंडळी असतात. ती त्याच टॅबलेटसाठी स्वतः नवं फर्मवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. त्याला कस्टम फर्मवेअर म्हणायचं. जुन्या घराचं कुलूप उघडून आतलं सगळं वायरिंग नवं करण्यासारखं काम. घर तेच, दिवे नवे. पण मधेच काही चुकलं तर टॅबलेट कायमचा मरतो. त्याला ब्रिक होणं म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट, आणि खरोखर तेवढाच उपयोग उरतो. माझा पहिला टॅबलेट ब्रिक झाला. गॉर्डने तो मीटिंग रूमचं दार उघडं ठेवायला दाराला टेकू म्हणून लावला. पुढे कित्येक महिने मी त्याला ओलांडून मीटिंगला जायची.

दुसरा मात्र जगला. झळझळीत नवी स्क्रीन आली, आमचं ॲप उघडलं, आणि मी आणि हरप्रीत सेटिंग्जमध्ये शिरलो.

काय नव्हतं त्यात! हौशी लोकांनी लिहिलेलं, त्यामुळे ज्याला जे सुचलं ते त्याने घातलेलं. स्क्रीन बंद असताना तिच्यावर बोटाने गोल काढला की कॅमेरा उघडायचा. टॅबलेट हवेत दोनदा सपकन हाणला, कांदा चिरल्यासारखा, की टॉर्च लागायचा. बॅटरी किती उरली ते आतून एक बाई मोठ्याने सांगायच्या. स्क्रीनवर बर्फ पाडायचीही सोय होती. कॅल्गरीत! खिडकीबाहेर फुकट पडतोय तो पुरत नव्हता बहुतेक.

गॉर्ड बघायला आला आणि खूश झाला. त्याने टॅबलेट घेऊन दोनदा सपकन हाणला. टॉर्च लागला. तिसऱ्यांदा हाणला तो टिम हॉर्टन्सच्या कॉफीला लागला आणि हरप्रीतचा कीबोर्ड न्हाला.

"ऑसम!" गॉर्ड म्हणाला. "सगळं ऑन ठेव. एकूणएक फीचर ऑन."

"दीदी," हरप्रीत कीबोर्ड उलटा धरून मला म्हणाला, "ये टॅबलेट है या मदारी का बंदर?"

कामाचं फीचर एकच होतं, ग्लव्ह मोड. स्क्रीनला बोटाचा स्पर्श कळतो, जाड हातमोज्याचा कळत नाही. ग्लव्ह मोड लावला की स्क्रीन जास्त संवेदनशील होते आणि हातमोज्यातूनही चालते. जानेवारीत उघड्या रानात हातमोजा काढायला लावणारं ॲप कोणी वापरत नाही. वेनची अटच ती होती.

आणखी एक फीचर होतं, पॉकेट मोड. टॅबलेटच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, तिळाएवढा सेन्सर असतो. त्याच्यासमोर काही आलं की टॅबलेटला वाटतं आपल्याला खिशात ठेवलंय. मग तो झोपून राहतो, म्हणजे खिशात उगाच बटणं दाबली जात नाहीत. फोनला ठीक आहे. आमचा टॅबलेट दहा इंची.

"इतनी बडी जेब किसकी होती है?" हरप्रीतने विचारलं.

आम्ही पोटभर हसलो. बॉसचा हुकूम सगळं ऑन ठेवायचा, म्हणून तेही ऑन ठेवलं.

वेनचा डेमो ठरला तो नेमका दसऱ्याचा दिवस निघाला. आदल्या संध्याकाळी मी टॅबलेट घरी नेला. सकाळी उठून बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत पाट मांडला. पाट म्हणजे उलटी ठेवलेली प्लास्टिकची क्रेट, वर धुतलेला टॉवेल. झेंडू मिळाला नाही, म्हणून ग्रोसरीतून आणलेलं पिवळं शेवंतीचं फूल. व्हिडिओ कॉलवर मिरजेहून अण्णा. शेजारी त्यांची पूजा झालेली इस्त्री, तिला आता वायर आहे.

मी बोटावर ओलं कुंकू घेतलं आणि टॅबलेटच्या मधोमध गोल टिळा लावला. स्क्रीन उजळली, कॅमेरा उघडला आणि टॅबलेटमध्ये माझाच चेहरा दिसायला लागला.

"उघडलं की गं!" अण्णा ओरडले. "कौल दिला!"

"कौल नाही हो अण्णा, गोल काढला की कॅमेरा उघडतो त्यात."

"तेच म्हणतोय मी. पण तू पोटाला काय लावतीस? कपाळाला लाव की!"

"टॅबलेटला कुठलं आलंय कपाळ?"

"डोळा आहे का त्याला?"

"कॅमेरा आहे वरती."

"मग त्याच्या शेजारी कपाळ. इंजिनियर झालीस आणि एवढं कळंना?"

मी मधलं पुसलं आणि वर, कॅमेऱ्याशेजारी, बारीकसा टिळा लावला. काळ्या काठावर तो नीट दिसतही नव्हता. फूल वाहिलं, नमस्कार केला. पूजेतलं कुंकू त्या दिवशी पुसायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तेव्हा टॅबलेट तसाच टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातला.

ऑफिसला पोचले तर वेन आधीच आलेला. तो वर यायलाच तयार नव्हता. पार्किंग लॉटमध्ये त्याच्या पिकअप ट्रकपाशी उभा, अंगात चिखलाने माखलेला, गळ्यापासून पायापर्यंतचा कामाचा कव्हरॉल, हातात कोपरापर्यंतचे हातमोजे. बर्फ भुरभुरत होता. गॉर्ड साध्या शर्टावर कुडकुडत हसत होता.

"ऑफिसात सगळं चालतं," वेन म्हणाला. "मला इथे दाखव."

मी टॅबलेट बॅगेतून काढून त्याच्या हातात दिला. त्याने स्क्रीनवर हातमोज्याने टकटक केली. काही नाही. गोल काढला. काही नाही. मी बाजूचं बटण दाबलं. स्क्रीन क्षणभर उजळली आणि विझली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पहाटे उठवलेल्या पोराने एक डोळा उघडून कूस बदलावी तसं.

"बॅटरी?" गॉर्डने विचारलं. त्याचे ओठ निळे पडले होते, थंडीने की भीतीने कळत नव्हतं.

"फुल आहे."

"मग चॉप कर!"

मी टॅबलेट हवेत सपासप हाणला. गॉर्डही शेजारी उभा राहून रिकाम्या हाताने हाणायला लागला, मला स्फूर्ती यावी म्हणून. समोरच्या बिल्डिंगमधल्या सिगरेट ओढणाऱ्या मंडळींनी आमच्याकडे तोंडं वळवली. टॉर्च लागला नाही.

"दुसरा आणू?" हरप्रीत पुटपुटला.

"दुसरा तयार कुठे आहे?" मी म्हटलं. बाकी सगळे अजून जुन्याच फर्मवेअरवर होते. एक दाराला होता.

वेनने टॅबलेट माझ्याकडून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "हे लाल काय आहे? केचप?"

"ते..." मी थांबले. खोटं सांगायला केचप बरा होता. पण इस्त्रीवाल्याच्या पोरीने पूजेच्या कुंकवाला केचप कशाला म्हणायचं? "कुंकू आहे. आज आमचा सण आहे. ज्या हत्याराने पोट भरतं त्याची आम्ही पूजा करतो. माझे वडील इस्त्रीची करतात. मी याची केली."

"यू ब्लेस्ड इट?"

"येस."

"आणि त्यानंतर ते बंद पडलं?"

गॉर्डने डोळे मिटून घेतले.

"बंद नाही पडलं. सकाळी तर मी..." आणि मी मधेच थांबले. कॅमेऱ्याशेजारी. कपाळाला. मी हरप्रीतकडे बघितलं. हरप्रीतने माझ्याकडे बघितलं.

"जेब!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मी मनात अण्णांची माफी मागितली आणि अंगातल्या जाड पार्का कोटाच्या बाहीने सेन्सरवरचा टिळा पुसला. बटण दाबलं. टॅबलेट खडबडून जागा झाला. गॉर्डने टाळ्या वाजवल्या. हरप्रीतने शिट्टी मारली.

वेन मात्र हसला नाही.

"म्हणजे एवढ्याशा डागाने हे मरतं," तो शांतपणे म्हणाला. "माझी माणसं दिवसभर ग्रीस आणि चिखलात असतात. तुमचा हा टॅबलेट लंचपर्यंत टिकायचा नाही."

टाळ्या थांबल्या. माणूस खरं बोलत होता. आमच्या स्वच्छ टेबलावर आम्ही कॉफी सांडण्यापलीकडे कसलीच परीक्षा घेतली नव्हती. हाच दोष जानेवारीत, शहरापासून तासन्‌तास दूर, कुठल्यातरी विहिरीवर निघाला असता, तर आम्हाला नुसता फोन आला असता आणि करार गेला असता.

मी टॅबलेट ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. सेटिंग्ज उघडल्या. पॉकेट मोड शोधला आणि बंद केला. एका बटणाचं काम. मग टॅबलेट झोपवला आणि वेनपुढे धरला.

"आता तुम्ही घाण करा," मी म्हटलं. "पाहिजे तेवढी."

वेनने माझ्याकडे बघितलं. खाली वाकला. ट्रकच्या चाकावरच्या पत्र्याखालून काळाकुट्ट चिखल अंगठ्यावर घेतला आणि टॅबलेटच्या वर, कॅमेऱ्याशेजारी, बरोबर त्याच जागी दाबून लावला. अण्णांनीही इतका नीट लावला नसता. माझे हात आपोआप जोडले गेले.

मग त्याने चिखलाच्या हातमोज्याने स्क्रीनवर गोल काढला.

कॅमेरा उघडला. वेनने तो गॉर्डवर रोखला आणि फोटो काढला. निळे ओठ, वर उचललेला एक हात, आ वासलेलं तोंड. वेन तेव्हा पहिल्यांदा हसला आणि ट्रकला टेकून बराच वेळ हसत राहिला.

"ही ती पूजा," जाताना त्याने मला विचारलं, "ट्रकला पण चालते?"

"ट्रकला तर चालतेच."

मी बॅगेतून कुंकवाची डबी काढली. वेनने स्वतः जागा दाखवली. हेडलाईटच्या वर, मधोमध. ट्रकचं कपाळ त्याला बरोबर कळलं.

संध्याकाळी अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी कपाळाला लाव म्हणालो म्हणून सापडलं ते. पोटाला लावून सापडलं नसतं." हे त्यांनी पुढे अख्ख्या गल्लीला सांगितलं. माझी पदवी राहिली बाजूला.

या धंद्यात मी एवढंच शिकले: नवी वस्तू हातात आली की तिच्यात काय काय आहे हे बघण्याआधी तिच्यावर काय काय सांडणार आहे ते बघावं. आणि बॉस सगळं ऑन ठेव म्हणाला तरी, एकेक ऑफ करत जावं.

ते टॅबलेट त्या हिवाळ्यात विहिरींवर गेले. उणे तीसमध्ये, चिखलाने माखलेले, हातमोज्यांतून चालले. क्रिसमसनंतर ऑफिसात आम्ही सगळे होतो.