डेलमारच्या गाडीची कुईकुई

डेलमार स्टकी हा ओहायोतल्या आमच्या गावचा निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. माणूस इतका अबोल की, बायको गेल्याचंसुद्धा आम्हाला त्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. गाडी मात्र बोलकी. छप्पन सालची, हिरवी, मागच्या अंगाला पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेली. त्या वसंतात तिला कंठ फुटला. जरा खड्डा आला की मागून कुईऽ कुईऽ! हॉटेलाबाहेर कॉफी पीत बसलेले आम्ही रिकामटेकडे मान न वळवता सांगायचो, "रूळ ओलांडले. चालला वर्नाकडे."

वर्ना केटरिंग म्हणजे कोंबडीखाद्याच्या दुकानाची मालकीण. नवऱ्यामागे एकटीनं दुकान चालवलं, त्यामुळे दंड भक्कम आणि जीभ त्याहून. तिनं डेलमारला बजावलं होतं, "रविवारी चर्चच्या जेवणाला येईन तुझ्याबरोबर. पण या गाडीतून नाही. लोकांना मी आधी दिसले पाहिजे, ऐकू नाही."

(हे मला तिच्या बहिणीनं सांगितलं. त्यापायी पीच फळांची माझी एक अख्खी पाई तिच्या पोटात गेली.)

डेलमारचा जीव टांगणीला. त्यात आमच्या कॉफीच्या टोळीतला हार्लन तेलाची झारी घेऊन पुढे. "अरे, पाज तिला थोडं. तहानलीय बिचारी!" झारी रिकामी झाली. दोन दिवस गाडी गप्प, मग दुप्पट गळा काढून रडायला लागली.

शनिवारी सकाळी मी डेलमारकडे मदतीला गेलो. म्हणजे बघायला. मागोमाग वर्नाही दारात हजर, भरदिवसा!

"मी दाबते मागून. याच्या कमरेचं काही खरं नाही," माझ्याकडे हनुवटी करत ती म्हणाली.

ती डिकी दाबायची, सोडायची. खाली आडवा पडलेला डेलमार बाटलीनं एकेका सांध्यावर साबणाचं पाणी मारायचा; जिथं भिजून आवाज थांबेल, दुखणं तिथलं. पाट्याचं पुढचं टोक भिजवलं, कुईकुई चालूच. पाट्यांच्या मध्ये मारलं, तरी चालूच. मग मागच्या टोकाची झुलती कडी भिजली आणि गाडी एकदम चिडीचूप.

"थांब, वर्ना." डेलमारनं खालून ती कडी बोटांनी चाचपली. मग, "चूक माझीच. हिवाळ्यात इथं नवी रबरं घातली, तेव्हा गाडी जॅकवर होती. चाकं लोंबकळत असतानाच नट आवळले. खाली उतरवल्यावर रबर पिळलं गेलं, तेव्हापासून पिळलेलंच. वर हार्लनचं तेल पिऊन फुगलंय."

"बिचारं रबर! पीळ पडलेला, बोलायची सोय नाही," वर्ना म्हणाली. "ओळखीचं वाटतंय कुणीतरी."

डेलमारचे कान लाल झाले. दोन्ही बाजूंना त्यानं नवी रबरं बसवली, नट ढिले ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवली.

"आता मागे वजन हवं."

वर्ना मागच्या सीटवर ऐसपैस बसली. "ए, तूही ये. फुकटच्या बातम्या नेतोस, थोडं वजन तरी दे!"

बसलो बापडा. आमच्या खाली नट आवळणाऱ्या पान्याची करकर झाली आणि थांबली.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सगळे कान लावून जेवत होतो. वर्नानं नूडल्सचं भांडं धाडकन टेबलावर ठेवलं, तेव्हा कळलं, दोघं आली. सोबत, हसत. हार्लनच्या हातातला पाव तसाच राहिला.

तेव्हापासून डेलमार रूळ कधी ओलांडतो, काही पत्ता लागत नाही. मी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडलीय. मान दुखते, पण करता काय?