चारी बाजूंनी पाणी

रिक्षावाल्याशी भाव जमला नाही की हुक्केरीकर अण्णा पाठ फिरवून बरोबर दहा पावलं चालायचे. नऊ नाही, अकरा नाही. सातव्या-आठव्या पावलाला मागून "बन्नी सार, बन्नी", म्हणजे या साहेब, या, अशी हाक यायचीच. अण्णा ती ऐकूच न आल्यासारखी उरलेली पावलं पुरी करायचे आणि मग अगदी उपकार केल्यासारखे वळायचे. तोवर भाव शंभराने तरी उतरलेला असे.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. पुण्याहून बंगळुरूत येऊन मला तीनच दिवस झाले होते. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी राहून मी एका रिक्षावाल्याशी तावातावाने हिंदीत भांडत होते. व्हाइटफील्डला जायचे तो सहाशे मागत होता, आणि नोकरीचा पहिलाच दिवस असल्यामुळे मला रडू यायचं बाकी होतं. एवढ्यात पांढरी लुंगी नेसलेले, हातात दुधाची पिशवी घेतलेले एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "पुण्याची काय गे तू? भांडतीस कशाला? भांडलं की भाव वाढतो." मग त्यांनी त्या माणसाशी कन्नडमध्ये त्याच्या गावाची, मुलांच्या शाळेची चौकशी केली, "स्वल्प कडिमे माडि" म्हणजे थोडं कमी कर असं दोनदा म्हटलं, आणि माझा दंड धरून मला चालायला लावलं. "मागं वळून बघितलीस तर खलास," एवढंच कानाशी पुटपुटले. त्या दिवशी मी साडेतीनशेत ऑफिसला पोचले. तेव्हापासून मी त्यांची चेली झाले, असं म्हणायला हरकत नाही.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर खरेदी खातं सांभाळलं. बोल्टपासून क्रेनपर्यंत एकही वस्तू सांगितल्या भावाने घेतली नाही, हा त्यांचा अभिमान. "भाव म्हणजे माणसाचं पहिलं खोटं. दुसऱ्या खोट्यापर्यंत थांबायचं, तिसऱ्याला घ्यायचं," असं ते मला समोर बसवून शिकवायचे. भाजीवाला, गवंडी, टॅक्सीवाला, कुणीही यातून सुटला नाही. गंमत म्हणजे त्यातलं कुणी त्यांच्यावर रागवायचंही नाही. वाचलेल्या पैशांतून ते त्याच रिक्षावाल्याला कॉफी पाजायचे. मी एकदा त्यावरून त्यांना चिडवलं, तर म्हणाले, "कॉफी माझ्या मर्जीनं. भाडं त्याच्या मर्जीनं द्यायचं काय?"

त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई. सगळी सोसायटी त्यांना अक्का म्हणे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या बेळगावच्या मराठी शाळेत चौथीला भूगोल शिकवत. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, हे त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल देव जाणे. पण स्वतः बेट कधी पाहिलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, हौसमौज फारशी झाली नव्हती. एकदा चहा ओतता ओतता त्या मला म्हणाल्या होत्या, "एवढंसं बेट पाहिजे बघ. एका जागी उभं राहून गोल फिरलं की सगळीकडं पाणीच दिसायला पाहिजे. मी शिकवलं ते खरं होतं काय, ते बघायचंय." अण्णांनी लग्नात शब्द दिला होता की परदेशी नेईन. दोघांचे पासपोर्ट काढून झाले, एकही शिक्का न पडता त्यांची मुदत संपली, पुन्हा काढले. दर वेळी भाव चढा असे.

आणि मग त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अक्कांच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. साखरेचा आजार जुना होता. डॉक्टरांनी लेसर केलं, पण तो डोळा गेलाच. उजव्याचंही तेच व्हायच्या मार्गावर आहे, सहा महिने मिळतील, जे बघायचं ते बघून घ्या, असं त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. दवाखान्यातून येताना गाडी मी चालवत होते. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. अण्णा म्हणाले, "डॉक्टर लोकही पहिल्यांदा घाबरवूनच सांगतात. सहा म्हटले म्हणजे वर्ष धरायचं." जन्मभर समोरच्याचा आकडा कधी खरा धरला नाही, तो डॉक्टरचा कसा धरणार? मला तेव्हा ते धीराचं वाटलं. आज ते वाक्य आठवलं की माझा मलाच संताप येतो.

त्याच आठवड्यात अण्णांनी बेटाचं मनावर घेतलं. अंदमानपेक्षा थायलंडचं विमान स्वस्त पडतं, हा शोध लागल्यावर तर त्यांना कोण आनंद झाला. उडुपीकडे रात्रीच्या बसने जाता येईल, तिथेही समुद्रात छोटी बेटं आहेत, असं मी सुचवून पाहिलं. ते दुखावल्यासारखे झाले. आयुष्यात एकदा दाखवायचं तर शब्द दिला तसंच दाखवणार, म्हणाले. फुकेतजवळचं एक चिमुकलं बेट त्यांनी माझ्या लॅपटॉपवर शोधून काढलं. धक्क्यावरून लांब शेपटीची म्हणतात ती तिकडची मोटरची होडी करून जायचं, अर्ध्या तासाचं पाणी.

मग सुरू झाली तयारी. परदेशी प्रवासी तिथे कसे नाडले जातात याचे व्हिडिओ ते दुपारभर बघत. "इथं मी सगळ्यांना वाचवतो, तिथं मलाच कापतील की," ही त्यांची धास्ती. विमानतळावरून व्हॅन किती घेते, होडीवाला पहिला आकडा किती सांगतो, सगळं वहीत. "लोत दाय मय?" म्हणजे कमी करणार का, हे त्यांनी थाई भाषेत पाठ केलं आणि सिल्क बोर्ड चौकातल्या एका रिक्षावाल्यावर त्याचा प्रयोगही केला. तो बिचारा बघतच राहिला. अक्का हसून हसून खोकायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

तिकिटांपाशी मात्र गाडी अडली. डिसेंबर म्हणजे तिकडचा ऐन हंगाम. भाडं नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. मी सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे अक्कल पाजळायची हौस दांडगी. भाडं ठरलेल्या आकड्याखाली आलं की फोनवर घंटी वाजेल, अशी सोय मीच करून दिली. अण्णा खूश. भेटले की पहिला प्रश्न, "घंटी वाजली काय गे?" डिसेंबरातच एक दिवस ते देवळात गेले असताना अक्का मला हळूच म्हणाल्या, "परवडत नसलं तर राहू दे, पण जायचंच तर लवकर जाऊया म्हण की त्यांना. तुझं ऐकतात." आणि मी काय केलं? मी त्यांना समजावत बसले. जानेवारीनंतर भाडी पडतातच, थोडं थांबलं तर त्याच पैशात चांगलं हॉटेल मिळेल, अक्का, माझ्यावर सोडा. त्या बरं म्हणाल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

घंटी एप्रिलमध्ये वाजली. मे महिन्याची तिकिटं, निम्म्या भावात. मी मीटिंगमधून उठून अण्णांना फोन केला. जग जिंकल्यासारखं वाटलं होतं मला. त्या दिवसांत तिकडे पावसाळा लागतो, हे मला ठाऊक होतं, अण्णांनाही होतं. पण चार दिवसांत एक तरी दिवस कोरडा मिळेल, असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. अक्कांची डोळ्यांची तपासणी मध्यंतरी राहून गेली होती. औषध घालतात, दिवसभर चुरचुरतं, ट्रिपहून आल्यावर जाऊ, असं त्या दर वेळी म्हणत.

धक्क्यावर काय झालं ते अण्णांनी मला परत आल्यावर सांगितलं, आणि पुढे कितीतरी वेळा सांगितलं. पहिल्या दिवशी सकाळी ऊन होतं, समुद्र शांत होता. बेट समोर दिसत होतं. अण्णांनी अक्कांना बाकावर बसवलं, बोट दाखवून विचारलं, "दिसतंय?" त्या "होय की," म्हणाल्या. होड्यांचे दर धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिलेले होते. अण्णा फळ्यावर विश्वास ठेवणारे नव्हेत. फळा म्हणजे छापील पहिलं खोटं. त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, होडीवाला हसला आणि मान हलवली. त्यांनी बोटांनी आकडा दाखवला, त्याने फळा दाखवला. मग अण्णांनी पाठ फिरवली.

हाक आली नाही. तिथे होड्या नंबराने सुटत. एकाचा नंबर असला की दुसरा भाव पाडायला पुढे येत नसे, आणि ज्याचा नंबर तो कुणाच्या पाठीकडे बघत बसत नसे. अण्णा वळले तेव्हा त्या होडीत एक गोरं जोडपं चढत होतं. पुढची होडी तासाभराने आहे असं कळलं. तासाभरात वारा उठला, आणि धक्क्यावर लाल बावटा लागला. दुसऱ्या दिवशी बावटा तसाच. तिसऱ्या दिवशीही. अण्णा भर पावसात जाऊन फळ्यावरच्या भावाच्या दुप्पट देतो, तिप्पट देतो म्हणत होते. होडीवाले नुसते समुद्राकडे हात करत. चौथ्या दिवशी विमान होतं.

जुलैमध्ये तपासणी झाली आणि उजवा डोळाही पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आता काही करण्यासारखं नाही. मी सोबत होते. बाहेर आल्यावर एका रिक्षावाल्याने तोंडाला येईल तो आकडा सांगितला, अण्णांनी "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हटलं आणि आत जाऊन बसले. मला त्या "सरी"ने जे वाटलं ते डॉक्टरांच्या बोलण्यानेही वाटलं नव्हतं. पुढे ते सगळीकडे असंच करू लागले. भाजीवाली मागेल ते, टॅक्सीवाला मागेल ते. भाजीवालीने एकदा मलाच विचारलं, की अण्णा बोलत का नाहीत, बरं नाही का त्यांना?

ते घराबाहेर पडेनासे झाले. मी गेले की खुर्चीतून मान वर करायचे आणि म्हणायचे, "दहा पावलं गे. तिच्या डोळ्यांपेक्षा मला ती दहा पावलं मोठी झाली." मी काहीबाही समजूत घालायचे. वारा कुणाच्या हातात असतो, वगैरे. खरं तर मलाही आतून तसंच वाटत होतं, की ती एक सकाळ यांनी घालवली. घंटीचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

सप्टेंबरात त्यांनी बंगळुरू सोडायचं ठरवलं. बेळगावला अक्कांचा भाऊ आहे, त्याच्या शेजारची खोली घेतली. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. अण्णा खाली गाडीपाशी उभे होते आणि मी अक्कांना आणायला वर गेले. रिकाम्या घरात त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला. लिफ्टची वाट बघताना त्यांनी विचारलं, आजूबाजूला कुणी आहे का. कुणी नव्हतं.

"एक सांगते, त्यांना कधी सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "धक्क्यावर मला काही दिसत नव्हतं. नुसता पांढरा उजेड. संक्रांतीला हातातली वाटी दिसेना झाली, तेव्हाच कळलं होतं."

मला पहिल्यांदा अर्थच लागेना. मग एकेक आठवू लागलं. जानेवारीपासून मी दारात उभी राहिले तरी माझा आवाज ऐकल्याशिवाय त्या नाव घेत नसत. डबे, भांडी, काडेपेटी, सगळं एका रेषेत लावलेलं असे आणि कुणी हलवलं तर त्या रागवत. मी ते वयाचं समजत होते. मी विचारलं, मग गेलात कशाला, बोलला का नाहीत?

"तिकिटं काढून किती खूश होते ते. बघितलीस न्हवं तू." त्या म्हणाल्या. "होडी मिळाली असती तरी मी बेटावर आंधळीच उतरणार होते. पण ते आता त्या होडीलाच धरून बसलेत, तर बसू दे. होडीचं दुःख त्यांना झेपतंय. थांबलो तेच चुकलं, हे कळलं तर ते जगायचे नाहीत."

लिफ्ट आली. मी त्यांना आत घेतलं, बटण दाबलं. डिसेंबरातला तो दिवस, थोडं थांबू म्हणणारी मी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभं होतं. ते त्यांना आठवत असेल का, की माझ्या तेव्हाच्या बडबडीतलं एक म्हणून त्या केव्हाच विसरल्या असतील, एवढाच विचार मी करत होते. तळमजला यायच्या आत अक्कांनी चाचपडत माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुझ्यावर राग नाही हं माझा," त्या म्हणाल्या.

राग आहे का, असं मी विचारलंच नव्हतं.