यंत्राच्या पोटातला हातचा

आकडेमोडीत मी कुणाला ऐकत नव्हते. पावकी, निमकी, अडीचकी पुणतांब्याच्या शाळेत मुलांच्या आधी मला तोंडपाठ. त्या जोरावर मॅट्रिक होताच कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लागले. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि ऑफिसात बाई मी एकटीच. भरल्या बैलगाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं आणि कोणत्या गावचा किती ऊस आला ते संध्याकाळी सांगायचं, एवढं काम. ते मी बघता बघता उरकायची.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर ऑफिसात हिशेबाचं यंत्र आलं. लोखंडी, बाजूला दांडा. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. साहेबांनी सांगून टाकलं की हंगामापर्यंत ज्याला यंत्र येईल तो टेबलावर बसेल, बाकीच्यांनी वजनकाट्यावर जायचं. रात्रंदिवस चालणाऱ्या काट्यावर बाईला कोण ठेवणार? मला यंत्र आलं नाही तर घरचा रस्ता, हे उघडच होतं.

पहिल्याच दिवशी मी चुकून लहान आकड्यातून मोठा वजा केला आणि आतून टणकन घंटी वाजली. विंचू चावल्यासारखा मी हात मागे घेतला. कारकून पोट धरून हसले. त्यानंतर आठ दिवस मी त्या यंत्राकडे बघितलंही नाही.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. या यंत्रावर मी चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या. भक्ती कसली, निव्वळ भीती. दसऱ्यानंतर दांडा जागचा हलेना. कुणी विचारायच्या आत मीच साहेबांना सांगितलं की हा माझाच प्रताप, आणि वर्कशॉपमधून म्हाताऱ्या फिटरना घेऊन आले. त्यांनी स्क्रू काढून झाकण उचललं. आत तांदूळच तांदूळ. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला.

"माझी बोटं लई जाड हायेत. तूच काढ, पोरी. लोखंड हाय, चावत न्हाई."

मी दाणा दाणा वेचला आणि दांडा हळूच फिरवला. आत दातेरी चाकं ओळीने बसलेली. एक चाक नवावरून शून्यावर आलं आणि जाता जाता त्याने शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकललं. हातचा एक! गुरुजींनी मला बोटावर धरायला शिकवलेला हातचा हे यंत्र दातावर धरत होतं. घंटीचंही कोडं सुटलं. उसना घ्यायला पुढे चाकच उरलं नाही की ती वाजायची. एवढ्याशा गोष्टीला मी आठ दिवस घाबरले, याचा मला रागच आला.

गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून हंगाम सुरू झाला त्या संध्याकाळी साहेबांनी माझी यंत्रावरची बेरीज दोन कारकुनांकडून कागदावर तपासून घेतली. एकाची माझ्याशी तंतोतंत जुळली. दुसऱ्याची जुळेना, कारण तो हातचा विसरला होता. मला हसलेल्यांत त्याचाच आवाज मोठा होता. टेबल माझं झालं, ते मी निवृत्तीपर्यंत सोडलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच टेबलावर कॉम्प्युटर आला. माझ्या निम्म्या वयाची माणसं लांब उभी राहून बघत होती. शिकवायला आलेला तरुण मला म्हणाला, मॅडम, घाबरू नका. मी खुर्ची पुढे ओढली.

"घाबरत नाही," मी म्हटलं. "हा हातचा कुठे धरतो, तेवढं दाखवा."