अप्पांनी पुसलेलं नाव

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत विरूपाक्षअप्पांना फार मान होता. का होता, हे इतकी वर्षं त्यांच्या समोरच्या घरात राहूनही मला कळलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी खाली त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान, वर घर. काचेच्या कपाटात सोनेरी कडांच्या पत्रिका मांडलेल्या, आणि गादीवर कपाळभर विभूती ओढून अप्पा बसलेले. दिवसभर दुसऱ्यांची नावं छापून छापून माणसाला वाटायला लागतं की ही नावं आपणच दिलीत. अप्पांना तसं वाटायला लागलं होतं, आणि गल्लीनं ते वाटू दिलं होतं.

कुणी पत्रिका छापायला आलं की अप्पा आधी नवरीचं नाव विचारायचे. मग डोळे मिटायचे. मग निकाल.

"बेबी? हे काय नाव झालं पाव्हणे? लग्नात गिरिजा करून टाका. गिरिजा म्हणजे पार्वती."

पाव्हणे बिचारे मान हलवायचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या सुनांची नावं अशी अप्पांच्या गादीवर ठरलेली आहेत. माझं श्यामला हे नावही त्यांचंच. माझ्या सासऱ्यांनी पत्रिका त्यांच्याकडे टाकली आणि येताना नाव घेऊन आले. माहेरचं नाव मला आवडत नव्हतंच, त्यामुळे मी काही रडत बसले नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं, हे मात्र डोक्यातून गेलेलं नाही.

अप्पांचा एक नियम सगळ्या गल्लीला पाठ होता. एका घरात एका नावाच्या दोन बायका चालत नाहीत. "थोरलीचं नाव ऱ्हातंय, धाकटीनं बदलायचं. न्हाईतर यमाची गफलत हुतीया," असं ते सांगायचे. एरवी ते शुद्ध बोलायचे, पण यमाचा विषय निघाला की जिभेवर गाव यायचं. या नियमावर त्यांनी दोन घरांत भांडणं लावून दिली होती, आणि दोन्ही घरांत जेवूनही आले होते.

एक्याण्णव साली त्यांच्या थोरल्या मुलाचं, प्रभुलिंगचं, लग्न ठरलं. मुलगी नेसरीची, त्यांच्याच लिंगायत समाजातली, घरचा ऊस. सुपारीला आम्ही शेजारच्या बायकाही जीपमध्ये कोंबून गेलो होतो. मुलगी चहा घेऊन आली. रंग सावळा, मान ताठ. अप्पांनी नाव विचारलं.

"आयेशा," ती म्हणाली.

अप्पांचा कप बशीवर वाजला. "हे नाव? आपल्यात?"

मुलीची आई शालूबाई उंबऱ्याशी बसली होती. तिनं पदर सावरला आणि सगळ्या माणसांसमोर सांगितलं, "हिच्या आधीची माझी पोरं पाळण्यातच गेली, मामा. एक बी बारशापातूर ऱ्हायलं न्हाय. ही झाल्यावर मी हिला सुपात घातलं आनि शेजारच्या जैबूनबीला पसाभर कोंड्यावर इकलं. आमच्यात तशी रीत हाय. इकलेल्या पोरीवर आईचा हक्क न्हाय, मग नाव बी जैबूनबीनंच ठेवलं. आयेशा. आरबी हाय, म्हंजे जगणारी, म्हणाली. आनि जगली की पोर!" मग तिनं अप्पांपुढं हात जोडले. "बाकी काय बी करा. नाव तेवढं बदलू नका. त्या नावावर जगल्याली पोरगी हाय माझी."

"बघू की," अप्पा हसून म्हणाले. या माणसाचं 'बघू की' म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

महिन्याभरात पत्रिकांचा गठ्ठा नेसरीला गेला. छपाई घरचीच, कागद उंची, आणि वर नवरीचं नाव शांभवी. नेसरीत लोक शालूबाईला विचारायला लागले, अगं, ही शांभवी कोण? तुला दुसरी लेक कधी झाली? त्या बाईनं दारोदार जाऊन, ही माझीच हो, असं सांगत आमंत्रणं केली. लेकीच्या लग्नाची पत्रिका हातात धरून लेक कोण ते सांगावं लागलं तिला. अप्पांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "एकदा सवय झाली की होईल ठीक."

लग्नानंतर घरी लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले आणि प्रभुलिंगनं अंगठीनं त्यात शांभवी लिहिलं. प्रभुलिंगबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की त्यानं आयुष्यात वडिलांनी सांगितलं ते लिहिलं. त्याची बहीण रुद्राणी शेजारी उभी होती. तिनं नव्या नवरीची हनुवटी धरून बजावलं, "आता शांभवी म्हटलं की ओ द्यायची. दुसऱ्या नावाला न्हाय." नवरी त्या तांदळांकडं बघत राहिली. पुढं बायका पांगल्यावर तिनं माझा हात धरला.

"वहिनी, आता माझं नाव कोण घेणार हो?"

नवी नवरी काहीतरी बोलते म्हणून मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

तिचं नाव घ्यायला तिची आई येत राहिली. शालूबाई दर दोन-तीन महिन्यांनी नेसरीहून निघायची, गडहिंग्लजला एसटी बदलायची आणि डोक्यावर गुळाची ढेप नाहीतर शेंगांची पिशवी घेऊन आमच्या गल्लीत उतरायची. पण वर जायची नाही. आधी अप्पांच्या घराखाली, भर रस्त्यात उभी राहायची आणि शेतातल्या माणसाला मारावी तशी हाक मारायची.

"आयशाऽऽ! ए आयशाऽऽ!"

वरून, असेल ते काम टाकून, ही गॅलरीत धावत यायची. "ओऽऽ अव्वा!"

मग शालूबाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मग ती जिना चढायची.

अप्पांना हे अगदी सोसायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक असलं तर ते रेडिओ मोठा करायचे. एकदा त्यांनी तिला खाली गाठलंच. "शालूबाई, लोक काय म्हणतील? हाक मारायची तर घरात जाऊन मारा, हळू."

"आत मारल्याली हाक कुणाला ऐकू जाती, मामा?" ती म्हणाली. "यमाला कळाय पायजे, हितं आयशा जगतीया म्हणून." आणि ढेप त्यांच्याच दुकानाच्या फळीवर टेकवून तिनं पुन्हा हाक मारली. त्या दिवशी मी खिडकीत उभी राहून पोट धरून हसले.

नव्व्याण्णवच्या थंडीत शालूबाई गेली. दिवस झाल्यावर ही परत आली आणि नेहमीसारखी कामाला लागली. सासूबाई आधीच वारलेल्या, दोन मुलं शाळेत, दीर सोमेश, सगळ्यांचं करणं हिच्यावर. पण एसटी येण्याच्या वेळेला ती गॅलरीत येऊन उभी राहायला लागली. उन्हाळ्यात तिला ताप धरला. औषधं झाली, रक्त तपासलं, काही निघेना. मी पेज घेऊन गेले तर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"माझं नाव घेणारं आता कोण न्हाय, वहिनी. कशावर जगायचं?"

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण समोर ताप होता आणि तो खरा होता. मी म्हटलं, "मी मारते हाक. रोज मारते. काय त्यात?"

तिनं मान हलवली. "तुमी न्हाय. ज्येंनी काढून घेतलं त्येंनी द्याय पायजे."

म्हणजे अप्पांनी. मी मनात म्हटलं, मग बाई, तू वाट बघ. ताप पुढं उतरला, पण ती निम्मी झाली ती झालीच.

मधल्या काळात गंमत बघा. दोन हजार साल आलं आणि ते नाव आमच्या राजारामपुरीत फॅशन म्हणून हिंडायला लागलं. कोपऱ्यावर आयेशा ब्यूटी पार्लर निघालं. फ्रॉकच्या दुकानात आयेशा पॅटर्न आला. टीव्हीवरच्या मालिकेतली श्रीमंताघरची मुलगी आयेशा, बँकेतल्या साहेबांची नात आयेशा. पुण्या-मुंबईचे लोक बारशाच्या पत्रिका छापून घ्यायला यायचे, त्यांतही हेच. ज्या नावावर अप्पांचा कप आपटला होता, त्याच नावाच्या पत्रिका ते गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी द्यायला लागले. वर म्हणायचे, "आजकाल ग्लोबल नाव पाहिजे."

सोमेशचं लग्न झालं तेव्हा अप्पांनी धाकट्या सुनेचं सुष्मिता हे नाव राहू दिलं. ते त्यांच्या मते चालणारं होतं. दोन हजार तीन साली सुष्मिताला मुलगी झाली. अप्पा पेढे घेऊन आमच्याकडं आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "नाव आयेशा ठेवतोय. अर्थ बघितलाय मी. चैतन्यमयी जीवन!"

मी पेढा खाली ठेवला. "अप्पा, हे नाव तुमच्या घरात आहे की."

"कुठं? कुणाचं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. सोंग नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलत असते तर निदान काही लाज शिल्लक आहे असं मी धरलं असतं. या माणसानं एका बाईचं नाव पुसलं होतं आणि पुसल्याचंही विसरून गेला होता. मी उठून सरळ त्यांच्या घरी गेले. ही जमिनीवर बसून बारशाच्या पत्रिकांना हळदकुंकू लावत होती. प्रत्येक पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत तेच नाव.

"बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं की," ती म्हणाली, आणि पुढची पत्रिका घेतली. तिची मान लग्नाआधीसारखी ताठ होती.

बारशाला अख्खी गल्ली लोटली. पाळण्यामागच्या भिंतीवर थर्माकोलची अक्षरं चिकटवलेली, चमकी लावून. आत्या म्हणून मान रुद्राणीचा. ती पाळण्यावर वाकली, मागं बायका तिच्या पाठीत बुक्के घालायला हात उगारून उभ्या राहिल्या. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं. पण अप्पांना नाव कानात सांगून भागणार नव्हतं. पाव्हण्यांना ऐकू जायला हवं होतं. त्यांनी स्वतःच छाती काढून, घर दणाणेल अशा आवाजात पुकारलं,

"आयेशाऽऽ!"

"ओऽऽ!"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. थोरली सून हातातलं पोह्यांचं पातेलं खाली ठेवून पुढं आली. मागच्या बायकांना काही कळलं नव्हतं, त्या रुद्राणीला बडवतच होत्या.

"तुला कुणी बोलावलं?" अप्पा खेकसले.

"तुमीच की मामंजी. माझं नाव घेतलंसा." ती शांतपणे बोलत होती. "बारा वर्षांनी का हुईना, घेतलंसा."

आता अप्पांना आठवलं. आठवलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं, कानापर्यंत लाल झाले. पाव्हण्यांसमोरची शुद्ध भाषा गेली. "ते नाव मी कवाच बदललंय! हे नाव आता बाळाचं हाय!"

"असू दे की. तिचं बी असू दे, माझं बी असू दे."

"एका घरात एका नावाच्या दोन बायका चालत न्हाईत!" अप्पा ओरडले. सवयीनं ओरडले. तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"मग थोरली कोण, मामंजी?"

इतकी वर्षं गल्लीला पाठ असलेला नियम. सगळ्या बायका अप्पांकडं बघत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या बायकांची नावं त्यांनी बदललेली होती. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. प्रभुलिंग भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

तोंड उघडलं ते सुष्मितानं. तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "आत्याबाई, वल्लरी म्हणा. मला पहिल्यापासून तेच आवडत होतं. मला विचारलं कुणी नाही." रुद्राणीनं घाबरून वल्लरी म्हटलं. पोहे वाटले गेले. भिंतीवरची अक्षरं काढा, असं अप्पांनी फर्मावलं तेव्हा थोरलीनं ती स्वतः काढली आणि स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यावरच्या भिंतीला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं मेथी निवडत बसले होते. बाहेरच्या खोलीतून अप्पांची हाक आली. "शांभवी, चहा!"

तिनं जुडी सोडली आणि पानं खुडायला घेतली.

"शांभवी! अगं, बहिरी झालीस काय?"

मी तिच्याकडं बघितलं. ती खुडत राहिली. सुष्मिता बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती, तीही बाहेर आली नाही. दुकान उघडायची वेळ होत आली. चहाशिवाय अप्पांचं पाऊल उचलत नसे. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पत्रिकांवर गावभरच्यांची नावं छापणारा तो माणूस चौकटीला धरून कितीतरी वेळ नुसता घसा खाकरत होता. मला त्याची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल.

"आयेशा," ते जमिनीकडं बघत पुटपुटले.

"आत मारल्याली हाक ऐकू येत न्हाय, मामंजी," ती मान वर न करता म्हणाली. "गॅलरीत जाऊन मारा."

ते गेले. चहासाठी गेले, दुसऱ्या कशासाठी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. गॅलरीचं दार करकरलं, आणि मग भर दुपारी, खाली रिक्षा आणि माणसं असताना, विरूपाक्षअप्पांचा आवाज गल्लीत गेला.

"आयेशाऽऽ!"

तिनं ओटीतली मेथी झटकली, उठून उभी राहिली.

"ओऽऽ," ती म्हणाली, आणि मग चहाचं आधण ठेवलं.