मालवणच्या गढूळ पाण्यात, निलूबरोबर

स्कुबा डायव्हिंग ही कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मी पाण्याला घाबरते असं नाही, पण पाणी आपल्या गळ्याच्या खाली असलेलं बरं, असं माझं साधं सरळ मत आहे. कल्पना निलूची. निलेश, माझा धाकटा भाऊ, वय चौतीस. डोंबिवलीत एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो. डोंबिवलीतले निम्मे आजी-आजोबा त्याच्या जिवावर चकल्या खातात, असं आमची आई सगळ्यांना सांगत असते. निलूला जन्मापासून ऐकू येत नाही.

एका रविवारी त्याने मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. निळ्याशार पाण्यात माणसं तरंगतायत, एकमेकांशी हातांनी बोलतायत. खाली त्याने लिहिलं होतं, "इथे सगळेच माझ्यासारखे. मला जायचंय. तू पण चल." मी कळव्याला, तो आणि आई ठाकुर्लीला. समोर असता तर दोन हात करून 'नाही' म्हटलं असतं. फोनवर मी होकाराचा अंगठा पाठवून मोकळी झाले, आणि तिथेच फसले.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर आधी कान दाखवून घ्या. पाण्याचा दाब कानावर येतो, त्यामुळे सर्दी असेल किंवा पडद्याला काही झालेलं असेल तर हे प्रकरण तुमच्यासाठी नाही. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी निलूचे कान नीट तपासले आणि म्हणाले, "कान एकदम उत्तम आहेत. फक्त ऐकू येत नाही." मी खुणेने हे त्याला सांगितलं तर तो इतका हसला की बाहेरच्या पेशंटनी दारातून डोकावून पाहिलं.

मग ठाण्यातल्या एका जलतरण तलावात रविवारी सकाळचे सराव सुरू झाले. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, आणि पहिला नियम असा की काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. दुसरा नियम खुणांचा. अंगठा वर केला तर "छान चाललंय" नव्हे, "मला वर जायचंय". अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की "ठीक आहे". मी तीन वेळा चुकले. निलू एकदाही नाही. शिकवणारी मुलगी म्हणाली, "दादा तर पैदाइशी डायव्हर आहे." मी ते त्याला सांगितल्यावर त्याने कॉलर ताठ केली. अंगात टी-शर्टसुद्धा नव्हता, तरी केली.

माझा एक गुप्त बेत होता, तोही सांगते. मालवणला जायचं, बोटीतून समुद्रात जायचं, आणि ऐन वेळी "मला मळमळतंय" म्हणून बोटीतच बसायचं. निलू उतरेल, मी फोटो काढीन.

डिसेंबर उजाडला होता, त्यामुळे हवेची चिंता नव्हती. ठाण्याहून सकाळची कोकण रेल्वे पकडली की दुपारी कुडाळ. आरक्षण बरंच आधी करा, शनिवार-रविवारी उभं राहायलाही जागा मिळत नाही. कुडाळहून मालवणला एसटी आहे, पण आम्ही रिक्षा केली. भाडं आधी ठरवून घ्या, मग रिक्षावाला वाटेतली सगळी देवळं फुकट दाखवतो. रत्नागिरीपर्यंत लख्ख ऊन होतं. कणकवलीला आभाळ भरून आलं. मालवणात शिरलो तेव्हा वाऱ्याने माडांची डोकी एका बाजूला झुकली होती. अरबी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि ही बातमी आमच्याआधी तिथे पोहोचली होती.

ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी रात्री बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला, आणि म्हणाल्या, "उद्या बोटी सुटतीत की नाय, देवाक म्हायत." मी निलूला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. मग भात कालवत राहिला. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं, आणि त्याचा चेहरा बघून बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. शाळेच्या सहली, पोहण्याच्या स्पर्धा, कंपनीतली ड्रायव्हरची नोकरी, या माणसाने आयुष्यात किती "नाही" पचवलीत ते मला माहीत आहे. ती सगळी "नाही" त्याच्यापर्यंत बहुतेक माझ्याच हातांनी पोहोचली आहेत.

सकाळी नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस होता. मी चार खाल्ले. तुम्ही दोनच खा, आणि उलटीची गोळी बोटीत नाही, घरातून निघतानाच घ्या. हे वाक्य मी अनुभवातून लिहिते आहे.

जेटीवर गेलो तर वारा थोडा पडला होता. दुपारपर्यंत बोटी सोडायला परवानगी मिळाली होती, पण बरेच पर्यटक समुद्राचा रंग बघूनच परत फिरले होते. आम्हाला खाली नेणारे प्रशिक्षक म्हणजे गावडे. चाळिशीचे, शांत, उन्हाने काळे झालेले. फोनवर मी त्यांना निलूबद्दल सगळं सांगितलं होतं आणि ते सहज "या की" म्हणाले होते. आता ते माझ्याकडे बघून बोलायला लागले.

"ताई, समुद्र शांत असता तर मी यांना एकट्याला नेलं असतं. पाण्याखाली काय, कुणालाच ऐकू येत नाही. पण आज वर आल्यावर लाटा आहेत. बोट कुठून येते, दोर कुठे पडतोय, सगळं ओरडून सांगावं लागतं. ते यांना कळायचं कसं?"

"मग?"

"तुम्ही पाण्यात यांच्या शेजारी असाल तर नेतो. तुमचे हात त्यांना लगेच कळतात. तुम्ही बोटीत बसणार असाल तर ते पण बोटीत बसतील. आणि खाली कुणी एक जण वर निघाला की सगळे वर. हा आमचा नियम."

निलू आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. मी त्याला शब्द न शब्द सांगितला. त्याने विचारलं, "तू येशील?" माझा गुप्त बेत घशाशी आला, घावण्यांच्या सोबतीने. मी म्हटलं, "येईन."

बोट किल्ल्याला वळसा घालून आडोशाच्या बाजूला निघाली. नाव वल्हवायचं काम नाही, इंजिन आहे, पण लाटेवर चढताना तेसुद्धा धापा टाकत होतं. तांडेल म्हणजे बोट चालवणारे बाबीकाका. त्यांनी माझा रंग बघितला आणि ओरडले, "ओकूचा झाला तर ह्या बाजूक ओका हां, वाऱ्याच्या तोंडार नको! आणि भियाव नकात, मी हंय असा." मी ह्या बाजूला ओकले. चारही घावणे समुद्राला गेले. निलूने माझी पाठ चोळली आणि मग मोठ्या गंभीरपणे खुणेने सांगितलं की माशांचा नाश्ता झाला. मी त्याला तशा अवस्थेत एक चापट मारली.

पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा आम्ही बोटीच्या काठावर बसलो आणि पाठमोरे पाण्यात पडलो.

निळंशार पाणी विसरा. पाणी हिरवं होतं, ढवळलेलं. हात लांब केला तर बोटं दिसत, त्याच्यापुढे फक्त हिरवं. गावड्यांनी नांगराचा दोर धरायला लावला आणि आम्ही हळूहळू खाली सरकायला लागलो. दोन-तीन हात खाली गेलो नाही तोच माझ्या कानात सुई टोचल्यासारखं दुखलं. नाक दाबून हवा ढकलायची हे मला शिकवलं होतं, पण शिकवलेलं सगळं वर बोटीत राहिलं होतं. डोळे-नाक झाकणाऱ्या मुखवट्यात थोडं पाणी शिरलं. माझा श्वास इतका जोरात सुरू झाला की त्याच्या आवाजानेच मी आणखी घाबरले. मी अंगठा वर केला. या वेळी चुकून नाही.

गावड्यांनी बघितलं, मान हलवली आणि निलूलाही तीच खूण केली. वर चला.

त्या वेळी मला निलूचा चेहरा दिसला. काचेमागे नुसते डोळे. तो हट्ट करत नव्हता, रागावलाही नव्हता. त्याने गावड्यांना तळहात दाखवून थांबवलं, माझा एक हात घट्ट धरला, आणि दुसरा हात माझ्या काचेसमोर आणला. पाचही बोटं जुळवून हळूहळू वर नेली आणि मग पंजा आडवा केला.

ही खूण कुठल्याही पुस्तकात नाही. ही आमच्या आईची आहे. ठाकुर्लीच्या घरी सकाळी पाणी यायचं. ते भरायला जाताना आई निलूला गॅससमोर उभं करायची आणि ही खूण करायची: दूध वर येतंय, हलू नकोस, बघत राहा. पुढे आमच्या घरात ती सगळ्यालाच लागू झाली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत, निकाल लागेपर्यंत, बाबांचं ऑपरेशन चालू असताना. दूध. हलू नकोस, बघत राहा.

आणि मला हसू आलं. अरबी समुद्रात, तोंडात नळी, बाहेर वादळ, आणि हा मला दूध बघायला सांगतोय. हसण्याने मुखवट्यात आणखी पाणी शिरलं, पण श्वास जागेवर आला. मी नाक दाबलं, हवा ढकलली, कानात 'टक' झालं आणि दुखणं गेलं. मी गावड्यांना बोटांचा गोल करून दाखवला. ते थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघत राहिले, मग त्यांनी खाली बोट दाखवलं.

तळाशी पाणी जरा निवळ होतं. खडकावर हिरवी-जांभळी प्रवाळं, मधूनच काळे-पिवळे पट्टे असलेले मासे. फार नव्हते, आणि जे होते तेही अचानक हिरव्यातून बाहेर येत आणि परत हिरव्यात जात. एका कपारीत एक लठ्ठ मासा तोंड बाहेर काढून बसला होता. निलूने खूण केली, "पागडीची जागा आहे, सोडणार नाही." मी म्हटलं, "सोसायटीचा सेक्रेटरी आहे." मी त्याचा हात काही सोडला नव्हता, त्यामुळे आम्हा दोघांनाही एकाच हाताने बोलावं लागत होतं, म्हणजे तोतरं. तरीही समुद्राच्या तळाशी बसून आम्ही भाऊ-बहिणीने यथेच्छ गप्पा मारल्या. गावडे बाजूला तरंगत हे सगळं बघत होते. ते एवढ्या वेळात फक्त "ठीक?" आणि "तिकडे बघा" एवढंच बोलू शकले होते.

वर आलो तर पाऊस जोरात लागला होता. लाट आली की बोट दिसेनाशी होई. बाबीकाका दोर कुठून येतोय ते ओरडले, मी निलूचा खांदा दाबून डावीकडे दाखवलं, तो वळला आणि दोर बरोबर त्याच्या हातात पडला. गावडे ज्यासाठी मला खाली घेऊन गेले होते ते काम एवढंच होतं, अर्ध्या मिनिटाचं.

बोटीत चढल्यावर गावडे कुडकुडत मला विचारायला लागले, "ताई, ते खाली त्यांनी काय..." आणि मग थांबले. निलूकडे वळले. पाच बोटं जुळवून वर नेली, पंजा आडवा केला, आणि भुवया उंचावल्या. निलूने पातेल्याचा, ज्योतीचा, उतू जाणाऱ्या दुधाचा पूर्ण मूकनाट्यप्रयोग करून दाखवला. बाबीकाकांनी सुकाणू न सोडता दाद दिली, "ह्येका म्हणतत सांगणा!" माझी कुणालाच गरज पडली नाही, म्हणून मी टॉवेल गुंडाळून गरम चहा प्यायले.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सुके कपडे बोटीत नेऊ नका, जेटीवर ठेवा, नाहीतर ते सुके राहत नाहीत. आणि प्रशिक्षक "आज नको" म्हणाले तर वाद घालू नका. आमच्यानंतरची बोट त्यांनी सोडलीच नाही. परतीच्या गाडीत आम्ही दोघं असे झोपलो की ठाणं आलं तेव्हाच जाग आली, आणि पुढच्या लोकलमध्ये कळवा स्टेशन कधी मागे पडलं तेही कळलं नाही. म्हटलं, आता आईकडेच जाऊ.

ठाकुर्लीला आईने दार उघडलं ते ओरडतच. तिने टीव्हीवर कोकणातल्या वाऱ्याची बातमी बघितली होती. मी गाडीत मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, मी कशी घाबरले आणि निलूने मला कसं सांभाळलं. पण आईने मला विचारलंच नाही. चहा ठेवला, निलूला समोर बसवलं आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांनी त्याला विचारलं, "घाबरलास का?"

निलूने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. आई हसली, मीही हसले. मग त्याने हात खाली घेतले आणि परत वर आणले.

"मी पण," तो म्हणाला. "ऐकू येत नाही, त्याचं मला काही नाही. पण तिथे दिसेनासं पण झालं. दिसलं नाही की माझ्याकडे काहीच उरत नाही. म्हणून मी हिचा हात धरला. हात हातात असला की कुणीतरी आहे हे कळतं."

मला वाटलं होतं तो माझ्यासाठी धरला होता. खाली असताना आणि नंतर पूर्ण प्रवासात मला तसंच वाटत होतं.

आई माझ्याकडे वळली. "आणि तू गं? तू काय केलंस?"

मी उत्तर तोंडाने दिलं नाही. दोघांनाही दिसेल असं, हातांनी सांगितलं, "मी सोडला नाही."