काना-मात्रेवर पाऊस

द्राक्षबागायतदारांना रोज सकाळी गावचा हवामान अंदाज पाठवणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. गावांची नावं मी थेट कोडमध्येच टाकली होती. नवीन गाव आलं की कोड उघडायचा. आमचे साहेब वैतागले. म्हणाले, "नावं बाहेर ठेवा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये."

म्हणजे यादी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ठेवायची आणि स्क्रिप्टने ती तिथून वाचायची. सोपं काम. चौकोनी कंस, अवतरणचिन्हं, मध्ये स्वल्पविराम अशी सायखेडा आणि विंचूर ही दोन गावं मी नीट मांडली आणि चाचणीसाठी मामांचा नंबर टाकला. मामा सायखेड्याला राहतात. निवृत्त मराठी शिक्षक, आता पूर्णवेळ बागेत.

स्क्रिप्ट चालवून मी चहा घ्यायला गेले. कप हातात घेते तोच मामांचा फोन.

"अगं, वीस मेसेज आले! 'स येथे हलका पाऊस.' पुढं नुसता काना, तिथंही पाऊस. 'ख' भिजलाय, मात्रा भिजलीय, स्वल्पविरामात सुद्धा पाऊस हाय!"

"मामा, थांबा, बघते."

"बघ बघ. पण एवढ्या पावसात माझं सायखेडा कुठं गेलं?"

मी धावत जागेवर आले. घोळ लगेच दिसला. त्या सेटिंगमधून काहीही आणलं तरी ते साधा मजकूर म्हणूनच हाती येतं. त्याची यादी करणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. त्यामुळे स्क्रिप्टने एकेक अक्षराला गाव मानलं होतं. आणि गाव सापडलं नाही तर जिल्ह्याचा अंदाज पाठव, ही हुशारी माझीच.

ती एक ओळ घातली. यादी नीट नसेल तर एकही मेसेज न पाठवता थांबायचं, हेही लिहिलं. पुन्हा चालवली. मामांना दोनच मेसेज गेले.

साहेबांनी विचारलं, "टेस्टिंग कोणी केलं?" मी खरं ते सांगितलं. ते पोट धरून हसले आणि मामांचा नंबर चाचणीसाठी कायमचा ठेवायला सांगितला. मामांना विचारलं, तर स्वारी खूश.

"चालंल की," ते म्हणाले. "फक्त फवारणीच्या वेळेला नको. हात लय भरलेले असतात."